चांगल्या मेल स्पॅममध्ये जाताहेत? मेल सर्व्हरचा फिल्टर असा तपासा

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या संस्था अजून आहेत. एमआयडीसीतली डाळ मिल असेल, पाइपचा किंवा चटईचा कारखाना असेल, सावद्याकडचा केळी निर्यातदार असेल, एखादं कॉलेज किंवा पतपेढी असेल. कुणीतरी पूर्वी पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आणि स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारा फिल्टर) बसवून दिलेलं असतं. पुढे तो माणूस पुण्याला किंवा नाशिकला जातो आणि सर्व्हरचा पासवर्ड नुकत्याच नोकरीला लागलेल्या बीसीए किंवा डिप्लोमावाल्या मुलामुलींच्या हाती येतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

फोन येतो तो साधारण असा: "भाऊ, मन्ही मेल उनी नही." कालची परचेस ऑर्डर पोहोचलेली नसते, बँकेचा ओटीपी अर्ध्या तासाने येतो, किंवा मुंबईच्या एजंटची प्रत्येक मेल जंकमध्ये पडते. अशा वेळी नवा माणूस दोन गोष्टी करतो. फिल्टर बंद करतो, नाहीतर स्पॅमची सीमा, म्हणजे किती गुणांना मेल स्पॅम ठरते तो आकडा, ५ वरून १० वर नेतो. दोन्ही टाळा. "आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा" अशा खोट्या मेल छोट्या व्यापाऱ्यांना रोज येतात. फिल्टर बंद असताना त्यातली एक अकाउंट विभागात पोहोचली तर नुकसान अडकलेल्या मेलपेक्षा कितीतरी मोठं होतं. सीमा वाढवल्याने आजची तक्रार मिटते, पण मूळ बिघाड तसाच राहतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या रूपात परत येतो.

क्रम असा ठेवा: आधी मेल हरवणं थांबवा, मग एकच मेल हातात घेऊन तिला गुण कशाचे पडले ते वाचा, आणि शेवटी ते गुण देणारं कारण दुरुस्त करा.

(कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच लिहायची. पोस्टफिक्स आणि स्पॅमअसॅसिनच्या सेटिंगच्या नावात दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर असतो.)

पायरी १ : मेल हरवणं आधी थांबवा

काहीही बदलण्याआधी पोस्टफिक्स, स्पॅमअसॅसिन, अमाव्हिस (पोस्टफिक्स आणि स्पॅमअसॅसिनला जोडणारा) किंवा आरस्पॅमडी (दुसरा एक स्पॅम फिल्टर), यांपैकी जे असेल त्याच्या सेटिंगचं फोल्डर तारीख घालून कॉपी करून ठेवा. एवढं झालं की मगच फाइलला हात लावा.

फिल्टर मेलचं तीनपैकी काहीतरी एक करतो. पहिला प्रकार, सर्व्हर मेल घेतच नाही आणि पाठवणाऱ्याला ५५० किंवा ५५४ असा आकडा देऊन परत पाठवतो. यात निदान पाठवणाऱ्याला कळतं. दुसरा, मेल घेतली जाते पण जंक फोल्डरमध्ये पडते. ती शोधता येते. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: सर्व्हर "मेल मिळाली" म्हणून २५० चा होकार देतो आणि नंतर ती गुपचूप टाकून देतो. पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचली, घेणाऱ्याला वाटतं पाठवलीच नाही, आणि मधल्या मध्ये ऑर्डर जाते. तुमच्या सर्व्हरवर हा तिसरा प्रकार चालू असेल तर तो आजच बंद करा.

अमाव्हिस असेल तर त्याच्या फाइलमध्ये "फायनल स्पॅम डेस्टिनी" ही ओळ शोधा. तिथे "डिस्कार्ड" असेल तर तपासणी होईपर्यंत "पास" करा. मेल स्पॅमच्या शिक्क्यासह पुढे जाईल. डव्हकॉटच्या सीव्ह नियमात (मेल कोणत्या फोल्डरमध्ये टाकायची ते ठरवणाऱ्या) स्पॅम डिलीट होत असेल तर तिथे डिलीटऐवजी जंक फोल्डरमध्ये टाकण्याचा नियम लिहा. आरस्पॅमडीत मेल नाकारण्याची मूळ सीमा १५ गुणांची असते, ती तात्पुरती १०० करा.

दारातच नाकारल्या जाणाऱ्या मेलसाठी पोस्टफिक्समध्ये "सॉफ्ट बाउन्स" नावाचं सेटिंग आहे. ते "येस" करून पोस्टफिक्स रीलोड केलं की ५ ने सुरू होणारे कायमचे नकार ४ ने सुरू होणारे तात्पुरते नकार होतात. समोरचा सर्व्हर मेल फेकून न देता आपल्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघतो. पोस्टफिक्स स्वतः अशी मेल मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस रांगेत ठेवतं, म्हणजे दुरुस्तीला बऱ्यापैकी सवड मिळते. पण हे सेटिंग काम संपल्यावर न विसरता काढायचं. ते चालू असताना तुमच्या बाजूने चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या मेलही परत न येता रांगेतच पडून राहतात आणि पाठवणाऱ्याला चूक कळत नाही.

पायरी २ : एक मेल निवडा आणि लॉगमध्ये शोधा

"खूप मेल येत नाहीत" यावर काम करता येत नाही. तक्रार करणाऱ्याकडून एका मेलची माहिती घ्या: कुणाच्या पत्त्यावरून, कुणाच्या पत्त्यावर, किती वाजता. पाठवणाऱ्याला परत आलेला मजकूर असेल तर तो जसाच्या तसा मागवा, फोटो चालेल.

डेबियन किंवा उबंटूवर लॉग बहुधा मेल डॉट लॉग या फाइलमध्ये असतो, रेड हॅटच्या घराण्यात मेललॉग या फाइलमध्ये; दोन्ही व्हार-लॉग फोल्डरमध्ये. फाइल नसेल तर जर्नलसीटीएल वापरा. वेळ बघताना एक काळजी घ्या. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर लावलेलं असतं, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. सकाळी ११ ला पाठवलेली मेल लॉगमध्ये पहाटे साडेपाचला सापडेल. ११ च्या आसपासच शोधत बसलात तर "मेल आलीच नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

पाठवणाऱ्याच्या पत्त्याने ग्रेप (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) करा. ओळीत एक क्यू आयडी, म्हणजे मेलचा रांगेतला क्रमांक दिसेल, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. त्या आयडीने पुन्हा ग्रेप केलं की त्या मेलचा सगळा प्रवास एका खाली एक येतो. ओळीत "रिजेक्ट" असेल तर पोस्टफिक्सनेच नाकारली, "मिल्टर रिजेक्ट" असेल तर आरस्पॅमडीसारख्या जोडलेल्या फिल्टरने, "ब्लॉक्ड स्पॅम" असेल तर अमाव्हिसने. "स्टेटस सेंट" असेल आणि ती ओळ मेल फक्त अमाव्हिसकडे दिल्याची नसेल तर मेल मेलबॉक्सपर्यंत गेली आहे, आता जंक फोल्डर आणि त्या माणसाचे स्वतःचे नियम बघा. दारात नाकारलेल्या मेलला बहुधा क्यू आयडीच मिळत नाही, त्याजागी "नोक्यू" लिहिलेलं असतं.

पत्त्याचा मागमूसच नसेल तर दोष बहुधा फिल्टरचा नाही. डोमेनची एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी ते सांगणारी), भरलेली डिस्क, बंद पडलेली लाइन किंवा पाठवणाऱ्याची बाजू तपासा. पुढच्या पायऱ्या अशा मेलसाठी नाहीत.

पायरी ३ : गुणपत्रिका वाचा

जंकमध्ये पडलेली मेल उघडून तिचा मूळ सोर्स बघा. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू दाबा, राउंडक्यूबमध्ये "शो सोर्स" निवडा. वरच्या भागात "एक्स स्पॅम स्टेटस" अशी ओळ असते. त्यात एकूण गुण, स्पॅम ठरण्याची सीमा आणि लागू झालेल्या चाचण्यांची नावं असतात. मराठी विषय असलेल्या मेलमध्ये विषयाच्या जागी रोमन अक्षरांची न समजणारी माळ दिसेल. घाबरू नका, देवनागरी मजकूर मेलमधून तसाच सांकेतिक रूपात जातो.

गुण कसे पडतात हे नीट समजलं पाहिजे. कापूस खरेदी करणारा व्यापारी ओलावा बघतो, कवडी बघतो, धाग्याची लांबी बघतो, आणि प्रत्येक दोषाला थोडा थोडा भाव तोडत जातो. स्पॅमअसॅसिनही असंच करतो. एका दोषाने मेल सहसा स्पॅम ठरत नाही. शेकडो छोट्या चाचण्यांचे गुण मिळवले जातात, काही चाचण्या उणे गुणही देतात, आणि बेरीज मूळ सेटिंगप्रमाणे ५ किंवा जास्त झाली की शिक्का बसतो.

समजा, केळीची खोकी पुरवणाऱ्याची मेल ७.९ गुणांवर अडकली आहे. यादीत "बायेस ९९" या, जुन्या मेल बघून शिकणाऱ्या भागाच्या चाचणीचे ३.५ आहेत, "नको असलेली भाषा" या चाचणीचे २.८ आहेत आणि किरकोळ चाचण्यांचे मिळून १.६. आता प्रश्न स्पष्ट झाला. बायेसला ही मेल स्पॅम का वाटते? आणि मराठीला "नको असलेली" कुणी ठरवलं? ही दोन कारणं दुरुस्त केली की सीमेला हात न लावता मेल १.६ वर येते.

हेडरमध्ये चाचण्यांची नावं नसतील तर ती मेल फाइल म्हणून साठवा आणि स्पॅमअसॅसिनची कमांड टेस्टच्या पर्यायासह तिच्यावर चालवा; प्रत्येक चाचणीचे गुण ओळीने मिळतात. कमांड फिल्टर ज्या युजरखाली चालतो त्याच युजरने चालवा, रूट म्हणून नाही. आरस्पॅमडी असेल तर त्याच्या वेब पानावर, मूळ पोर्ट ११३३४, हिस्ट्रीमध्ये हेच सगळं दिसतं. अशा निदान पाच-सहा मेल बघा. सगळ्यांत एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिसली तर तुमचा गुन्हेगार सापडला.

पायरी ४ : कारण शोधा

*डीएनएस आणि ब्लॉकलिस्ट.* मला विचाराल तर इथूनच सुरुवात करा. स्पॅमहाउससारख्या ब्लॉकलिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या, डीएनएसवर (नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेवर) चालतात. तुमचा सर्व्हर विचारतो, "हा आयपी तुमच्या यादीत आहे का?" यादीत असेल तर १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर येतं, नसेल तर काहीच येत नाही. आता सर्व्हर बसवताना सवयीने डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिलेलं असतं. स्पॅमहाउस अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटी दाखवणारा संकेत देतं. पोस्टफिक्सला तुम्ही फक्त "उत्तर आलं तर नाकार" असं सांगितलं असेल तर तो या संकेतालाही "यादीत आहे" समजतो. परिणाम असा की जगातली प्रत्येक मेल नाकारली जाते. सकाळी अचानक सगळ्याच मेल बंद झाल्या, लॉगमध्ये प्रत्येक नकारापुढे झेन स्पॅमहाउसचं (स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीचं) नाव आहे, तर कारण जवळजवळ हेच.

उपाय म्हणजे सर्व्हरवरच अनबाउंड हा छोटा रिझॉल्व्हर बसवायचा आणि सर्व्हरचं डीएनएस १२७.०.०.१ करायचं. अनबाउंडच्या सेटिंगमध्ये प्रश्न पुन्हा ८.८.८.८ कडे फॉरवर्ड होत नाहीत ना, हे बघा. नाहीतर सगळं करून परिस्थिती तीच. रीबूटनंतर नेटवर्क मॅनेजर किंवा सिस्टमडी रिझॉल्व्हडी जुनी ओळ परत लिहून ठेवतं, तेव्हा एकदा रीबूट करूनही खात्री करा. शिवाय पोस्टफिक्सच्या ओळीत यादीच्या नावापुढे कोणती उत्तरं ग्राह्य धरायची ते लिहा, झेनसाठी १२७.०.०.२ ते १२७.०.०.११.

चाचणी सोपी आहे. डिग कमांडने झेनला १२७.०.०.२ हा पत्ता उलटा लिहून विचारा. हा पत्ता चाचणीसाठी यादीत मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून उत्तर आलंच पाहिजे. मग १२७.०.०.१ विचारा, हा कधीच यादीत नसतो, उत्तर येता कामा नये. कोणत्याही धड चालणाऱ्या ब्लॉकलिस्टसाठी हीच चाचणी वापरता येते.

ती वापरायची गरज पडते, कारण याद्या बंद पडतात. ओआरडीबी ही यादी बंद झाल्यानंतर मार्च २००८ मध्ये प्रत्येक प्रश्नाला "हो, यादीत आहे" असं उत्तर देऊ लागली, म्हणजे उरलेले लोक तिला विचारणं थांबवतील. ३१ जानेवारी २०२१ ला स्पॅमकॉपच्या डोमेनची मुदत संपली आणि काही तास तिच्याही बाबतीत तेच झालं. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या सर्व्हरवर अशी मेलेली नावं हमखास सापडतात. पोस्टकॉन्फ कमांड एन पर्यायासह चालवा, मूळ सेटिंगपेक्षा वेगळं जे काही आहे ते सगळं दिसेल. त्यातली प्रत्येक ब्लॉकलिस्ट एकेक करून तपासा आणि जिची खात्री नाही ती काढा. दोन विश्वासाच्या याद्या पुरतात.

स्पॅमअसॅसिनच्या गुणपत्रिकेत "यूआरआयबीएल ब्लॉक्ड" दिसलं तर तेही याच आजाराचं लक्षण आहे. त्याला गुण फक्त ०.००१ असतात, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

*बायेस.* बायेस म्हणजे आधीच्या मेल बघून शिकणारा भाग. तो किमान २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकल्याशिवाय कामच सुरू करत नाही. त्याच्या दोन अडचणी नेहमीच्या आहेत.

एक, चुकीच्या युजरला शिकवणं. तुम्ही रूट म्हणून एसए-लर्न (बायेसला शिकवणारी कमांड) चालवता, हजार मेल शिकवता, आणि फरक काहीच पडत नाही. कारण ते ज्ञान रूटच्या घरात साठलं. फिल्टर चालतो अमाव्हिस किंवा स्पॅमडीच्या (स्पॅमअसॅसिनच्या सतत चालू असणाऱ्या सेवेच्या) युजरखाली, आणि त्याचा डेटाबेस कोराच आहे. त्या युजरने एसए-लर्नला डंप मॅजिकचा पर्याय द्या. किती स्पॅम आणि किती चांगल्या मेल शिकल्या, ते आकडे समोर येतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे: बायेस चुकीचं शिकलेलं असणं. लोक नको असलेली पण खरी मेल, म्हणजे वसुलीची आठवण, पुरवठादाराचं दरपत्रक, "स्पॅम" म्हणून टाकतात आणि बायेस त्यातले शब्द वाईट मानू लागतो. आकड्यांत स्पॅम हजारो आणि चांगल्या मेल जेमतेम असतील तर तो जवळपास सगळ्यावर संशय घेतो. थोड्याच मेल चुकल्या असतील तर त्या चांगल्या म्हणून पुन्हा शिकवा. बिघाड मोठा असेल तर डेटाबेसची प्रत ठेवून तो रिकामा करा आणि नव्याने शिकवा. शिकवताना तुमच्या संस्थेला खरोखर येणाऱ्या मेल द्या: मराठी पत्रव्यवहार, जीएसटीची बिलं, ट्रान्सपोर्टच्या पावत्या, मंडईचे भाव. कुणी फॉरवर्ड केलेली मेल शिकवू नका, तिचे हेडर फॉरवर्ड करणाऱ्याचे असतात. मूळ मेल फोल्डरमध्ये हलवायला सांगा. आणि कुणाच्याही मेलबॉक्समधून मेल घेण्याआधी त्या माणसाला विचारा. सर्व्हरचा पासवर्ड तुमच्याकडे आहे म्हणून पत्रं वाचायचा हक्क मिळत नाही.

*भाषा.* याकडे आपणच लक्ष द्यायला हवं, बाहेरचा तंत्रज्ञ देणार नाही. स्पॅमअसॅसिनमध्ये टेक्स्टकॅट नावाचा भाग आहे, तो मजकुराची भाषा ओळखतो. मुळात तो बंद असतो. पण परदेशी भाषांतला स्पॅम थांबवायला कुणीतरी तो चालू करून "ओके लँग्वेजेस" मध्ये फक्त इंग्रजी लिहून ठेवतो, आणि त्या दिवसापासून प्रत्येक मराठी मेलला जादा २.८ गुण पडतात. त्या ओळीत मराठीचा संकेत एमआर, हिंदीचा एचआय लिहा. अहिराणी त्याच्या यादीतच नाही. अहिराणी मजकूर त्याला मराठी, हिंदी किंवा नेपाळी वाटू शकतो, म्हणून नेपाळीचा एनई आणि संस्कृतचा एसएही ठेवा. रोमन लिपीत मराठी लिहिणारे तर असंख्य आहेत, आणि "माल पाठवला, पावती घ्या" असं रोमनमध्ये लिहिलेलं त्याला कोणतीही भाषा वाटेल. म्हणून माझं मत सरळ आहे: आपल्याकडच्या संस्थेत टेक्स्टकॅट बंदच ठेवावा.

जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप करून मेलमध्ये चिकटवलेला मजकूरही असाच मार खातो. फिल्टरला त्यात फक्त अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. अशा कार्यालयाला युनिकोड मराठी कीबोर्ड बसवून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तसंच, एका ओळीचाही मजकूर न लिहिता फक्त स्कॅन केलेल्या पत्राचं चित्र पाठवलं की "फक्त चित्र" या प्रकारच्या चाचण्या लागतात. चित्रासोबत दोन वाक्यं लिहायला सांगा.

*आपलीच माणसं स्पॅम ठरतात तेव्हा.* भुसावळला घरी बसलेला मॅनेजर कंपनीच्या सर्व्हरवरून जळगावच्या ऑफिसला मेल पाठवतो आणि ती जंकमध्ये जाते. गुणपत्रिकेत "पीबीएल" ही चाचणी असेल, सव्वातीन गुणांच्या आसपास. पीबीएल ही घरगुती ब्रॉडबँडसारख्या पत्त्यांची यादी आहे. तिथून थेट मेल सर्व्हर चालू नये एवढाच तिचा अर्थ. मॅनेजरने तर पासवर्ड देऊन, पोर्ट ५८७ वरून पाठवलं होतं. ते स्पॅमअसॅसिनला कळावं म्हणून पोस्टफिक्समध्ये "एसएमटीपीडी एसएएसएल ऑथेंटिकेटेड हेडर" हे सेटिंग "येस" करा. त्यासोबत "ट्रस्टेड नेटवर्क्स" आणि "इंटर्नल नेटवर्क्स" या ओळी तपासा. त्यांत तुमच्या सर्व्हरचा आणि मध्ये असलेल्या गेटवेचाच पत्ता हवा. उलटी चूकही होते: तिथे फार मोठा पट्टा लिहिला गेला तर बाहेरच्या स्पॅमवरही "ऑल ट्रस्टेड" असा शेरा येऊन गुण कमी होतात.

*ग्रेलिस्टिंग.* अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा "थोड्या वेळाने या" सांगण्याची ही पद्धत. हे काम करणाऱ्या पोस्टग्रेची मूळ वाट ३०० सेकंदांची आहे, पण समोरचा पुन्हा कधी येईल हे त्याच्यावर अवलंबून असतं, आणि मोठे सर्व्हर दुसऱ्याच आयपीवरून परत येतात. ओटीपीची मुदत तेवढ्यात संपते. बँका, जीएसटी आणि मोठ्या मेल कंपन्यांना त्यातून सूट द्या. बाकीचा फिल्टर ठीक असेल तर ग्रेलिस्टिंग बंद केलं तरी फार बिघडत नाही.

*हाताने लिहिलेले नियम.* स्पॅमअसॅसिनची लोकल डॉट सीएफ फाइल पूर्ण वाचा. "गोल्ड" या शब्दाला ३ गुण देणारा नियम जळगावच्या सराफाकडे आणि "लोन" ला ३ गुण देणारा नियम पतपेढीत असेल तर धंद्याचाच पत्रव्यवहार अडेल. शब्दाच्या सीमा न लिहिलेले नियमही शोधा: सिआलिस या औषधाच्या नावाची रोमन अक्षरं इंग्रजी "स्पेशलिस्ट" या शब्दात ओळीने येतात, त्यामुळे डॉक्टरांच्या मेल अडकतात.

नियम जुने होतात हेही ध्यानात ठेवा. १ जानेवारी २०१० ला जगभरच्या स्पॅमअसॅसिनवर चांगल्या मेलना तीनहून जास्त जादा गुण पडू लागले, कारण "तारीख फार पुढची आहे" हे ओळखणाऱ्या नियमात २०१० पासूनची सगळी वर्षं भविष्यातली धरलेली होती. दुरुस्ती लगेच आली, पण ती एसए-अपडेट (नवे नियम उतरवून घेणारी कमांड) चालवणाऱ्यांनाच मिळाली. ते रोज आपोआप चालतं का, ते आज बघा.

व्हाइटलिस्ट हा शेवटचा उपाय समजा. "व्हाइटलिस्ट फ्रॉम" फक्त लिहिलेला पत्ता बघतं आणि तो कुणीही खोटा लिहू शकतं. स्वतःचंच डोमेन त्यात घातलेलं दिसलं तर लगेच काढा. मालकाच्या नावाने येणारी खोटी मेल तिथूनच आत शिरते. सूट द्यायचीच तर "व्हाइटलिस्ट ऑथ" वापरा, ते एसपीएफ (डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) जुळल्यावरच सूट देतं. ४.० आवृत्तीपासून या सेटिंगच्या नावात व्हाइटलिस्टऐवजी वेलकमलिस्ट आहे.

*दोष पाठवणाऱ्याचा असेल तर.* एसपीएफच्या दोन नोंदी एकाच डोमेनवर असणं, किंवा एका नोंदीतून १० पेक्षा जास्त डीएनएस शोध व्हावे लागणं, या दोन्हींमुळे एसपीएफ तपासणीच फसते. चोपड्याच्या पुरवठादाराने होस्टिंग बदललं आणि जुनी नोंद तशीच राहिली, असंही होतं. त्याला फोन करून नेमकी कोणती नोंद बदलायची ते सांगा, त्याच्या इतर ग्राहकांकडेही मेल पोहोचू लागतील. मात्र सगळ्यांचंच डीकेआयएम तुमच्याकडे फसत असेल तर आपल्या सर्व्हरवर बघा. तपासणीआधीच कुणी विषयात "बाहेरची मेल" असं काही जोडत असेल तर सही मोडणारच.

पायरी ५ : एका वेळी एकच बदल

एक ओळ बदला, स्पॅमअसॅसिन लिंटच्या पर्यायासह चालवून चुका नाहीत ना ते बघा, मग सेवा रीस्टार्ट करा आणि तीच अडकलेली मेल पुन्हा तपासा. पाच बदल एकदम केले तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

इथे नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीत जातो. अमाव्हिस स्पॅमडीला विचारत नाही, तो स्पॅमअसॅसिनचं कोड स्वतःच्या आत चालवतो. तुम्ही स्पॅमडी कितीही वेळा रीस्टार्ट केलं तरी अमाव्हिसला नवे नियम कळत नाहीत. अमाव्हिसच रीस्टार्ट करावं लागतं. स्पॅम ठरवण्याची सीमाही तो स्वतःच्या फाइलमधली घेतो, स्पॅमअसॅसिनमधली ५ ची ओळ त्याच्यापुढे चालत नाही. आणि काही सर्व्हरवर जुना अमाव्हिस न काढताच आरस्पॅमडी बसवलेला असतो. दोन्ही चालू, दोघांचे वेगळे निर्णय. त्यातला एक काढा.

ब्लॉकलिस्टसारखा नवा नकाराचा नियम लावायचा असेल तर त्याच्या आधी "वॉर्न इफ रिजेक्ट" लिहा. पोस्टफिक्स मेल नाकारत नाही, फक्त नाकारली असती असं लॉगमध्ये लिहितं. आठवडाभर लॉग वाचा, चांगलं कुणी अडकत नाही असं दिसलं की तो शब्द काढा.

पायरी ६ : बाहेरून चाचणी, मग पूर्ववत

बाहेरच्या खात्यावरून एक साधी मराठी मेल पाठवा, एक पीडीएफ बिलासह, आणि एक जीट्यूब मजकुराची. जीट्यूब ही फिल्टर तपासण्यासाठी ठरवून दिलेली अक्षरांची ओळ आहे. स्पॅमअसॅसिनसोबत येणाऱ्या नमुना स्पॅम फाइलमध्ये ती सापडते आणि तिला एकदम १००० गुण मिळतात. पहिल्या दोन इनबॉक्समध्ये पडल्या आणि तिसरी जंकमध्ये पडली किंवा नाकारली गेली की फिल्टर जागेवर आला. आता सॉफ्ट बाउन्स "नो" करा, पायरी १ मधले बाकीचे तात्पुरते बदल एकेक करून मागे घ्या, पण गुपचूप टाकून देणारं "डिस्कार्ड" परत आणू नका. मेलक्यू कमांडने रांग बघा. थांबलेल्या चांगल्या मेल पुढच्या काही तासांत स्वतःहून येतील.

पायरी ७ : अडकलेल्या मेल परत मिळवा

अमाव्हिसच्या क्वारंटाइन फोल्डरमध्ये (संशयित मेल बाजूला काढण्याच्या जागी) ठेवलेल्या मेल अमाव्हिसडी-रिलीज या कमांडने ज्याच्या त्याला सोडता येतात. प्रत्येकीचा पाठवणारा बघून सोडा, सरसकट नाही. ज्या मेल टाकून दिल्या गेल्या त्यांचा मजकूर परत मिळत नाही, पण पाठवणारा, घेणारा आणि वेळ लॉगमध्ये असते. "ब्लॉक्ड स्पॅम" आणि "रिजेक्ट" च्या ओळींतून ओळखीच्या ग्राहकांची, पुरवठादारांची, अर्जदारांची यादी काढा आणि ज्या त्या विभागाला द्या, म्हणजे ते फोन करून मेल पुन्हा मागवतील. डेबियनवर जुने मेल लॉग मूळ सेटिंगप्रमाणे साधारण चार आठवडेच राहतात. म्हणून ही यादी दुरुस्ती झाली त्याच दिवशी काढा.